शाळेत आपत्कालीन संपर्कासाठी वॉकीटॉकी वापरायला परवाना लागतो का?

४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यात चालणारे कमी शक्तीचे सेट घेतलेत तर लागत नाही. इतर फ्रिक्वेन्सीवरच्या सेटसाठी दूरसंचार विभागाचा परवाना काढावा लागतो. ही सूट २०१८ च्या केंद्रीय नियमांतली आहे. ऑनलाइन स्वस्त सेट घेताना मात्र जपा. परवाना लागणारे सेटही तसे न सांगता विकले जात होते, म्हणूनच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये या विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. विक्रेत्याकडे फ्रिक्वेन्सी आणि ईटीए (उपकरणाच्या प्रकाराला मिळालेली सरकारी मंजुरी) प्रमाणपत्र लेखी मागा, बिलावरही लिहून घ्या.

परवानामुक्त सेटची मर्यादा म्हणजे पल्ला. खोक्यावर छापलेले अंतर मोकळ्या मैदानातले असते. काँक्रीटच्या इमारतीत ते फार घटते. पैसे देण्याआधी या जागांवरून बोलून पाहा:
- तळमजल्याची टोकाची खोली
- जिना
- स्कूलबस थांबते ते फाटक

या सेटच्या वाहिन्या (चॅनेल) सगळ्यांसाठी खुल्या असतात, शेजारचा कुणीही ऐकू शकतो, तेव्हा मुलांची नावे त्यावर अजिबात घेऊ नका. पोलीस, अग्निशमन दल किंवा रुग्णवाहिकेसाठी ११२ वर फोनच करायचा.