सेवियात ऐन जुलैमध्ये कुटुंबासह राहायला जावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्याहून नोकरीसाठी स्पेनमधल्या सेवियाला जायचंय, १ जुलैला रुजू व्हायचंय, सोबत पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. तिथला उन्हाळा खरंच एवढा वाईट असतो का, की आपल्या लोकांना त्याचं काही वाटणार नाही?

यातला शेवटचा भाग वाचून हसू आलं. सात वर्षांपूर्वी मीही हेच बोललो होतो, तेही छाती पुढे काढून. मी अकोल्याचा. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला तरी आमच्याकडे लग्नं होतात, वराती निघतात आणि लोक मठ्ठा पिऊन दुसऱ्या लग्नाला जातात. मला इथले लोक उन्हाळ्याची काय भीती घालणार? पहिल्याच जुलैत पंधरा दिवसांत माझी जिरली.

आकडे बघितले तर सेविया आमच्यापुढे फार काही नाही. जुलैत दुपारचं सरासरी तापमान ३६च्या आसपास असतं, लाट आली की ४२-४३. इथल्या विमानतळावरचा उच्चांक ४६.६ अंश, २३ जुलै १९९५चा. शेजारच्या कोर्दोबा प्रांतात ऑगस्ट २०२१मध्ये पारा ४७च्याही वर गेला होता. उष्णतेच्या लाटेला स्पॅनिशमध्ये 'ओला दे कालोर' म्हणतात. 'ओला' म्हणजे लाट. मराठी माणसाला हा शब्द म्हणजे क्रूर विनोद वाटतो, कारण त्या दिवसांत हवेत ओलावा औषधालाही नसतो. २०२२पासून सेवियात मोठ्या लाटांना नावंही देतात, आपण चक्रीवादळांना देतो तशी. पहिलीचं नाव होतं सोए.

तर त्रास आकड्याचा नाही. त्रास आहे घड्याळाचा, महिन्याचा आणि घराचा.

आधी घड्याळाचं सांगतो, कारण नवीन माणूस हमखास इथेच फसतो. स्पेनचा बहुतेक भाग ग्रिनिचच्या पश्चिमेला, म्हणजे खरं तर लंडनचीच वेळ त्याला शोभली असती. पण १९४०पासून देशाचं घड्याळ बर्लिनच्या वेळेवर आहे आणि उन्हाळ्यात ते आणखी एक तास पुढे जातं. परिणाम असा की जुलैत सेवियात सूर्य डोक्यावर येतो दुपारी अडीचच्या सुमारास. जूनअखेरीस सूर्यास्त पावणेदहाच्या पुढे. पुण्यात आपण काय करतो? बारा ते चार घरात बसतो, सहा वाजता चहा घेऊन बाहेर पडतो. इथे संध्याकाळचे सहा म्हणजे सूर्याच्या हिशेबाने दुपारचे साडेतीन. दिवसातला सगळ्यात तापलेला वेळ पाच ते सात. मी पहिल्या आठवड्यात 'आता उन्हं उतरली असतील' म्हणून सहाला भाजी आणायला निघालो. रस्त्यावर चिटपाखरू नाही, दुकानांची शटर खाली, औषधाच्या दुकानाबाहेरच्या हिरव्या पाटीवर ४४. (ती पाटी उन्हात तापून दोन-तीन अंश जास्तच दाखवते हे नंतर कळलं, पण त्या क्षणी माझा तिच्यावर पूर्ण विश्वास बसला होता.) उलट दुपारी बारा-साडेबारापर्यंत सावलीतून बिनधास्त फिरता येतं. पण 'बारा वाजले' म्हटल्यावर आपलं मन ते मानत नाही.

दुसरी गोष्ट महिन्याची. ही कोणी सांगत नाही, कारण ती फक्त आपल्यालाच जाणवते. आपल्याकडे उन्हाळा कितीही पेटला तरी मृग जवळ आल्याची आशा असते. ढग येतात, मातीचा वास येतो, एका रात्रीत सगळं बदलतं. इथे मृग लागतो तेव्हा कुठे उन्हाळा सुरू होतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस जवळजवळ शून्य. आकाश जूनच्या मध्यापासून जे निळं होतं ते सप्टेंबरपर्यंत तसंच, एखाद्या रंगवलेल्या पत्र्यासारखं. पहिल्या वर्षी जुलैच्या मध्यावर मी उगाच चिडचिडा झालो होतो. बायकोने फोनवरून निदान केलं: 'तू पावसाची वाट बघतोयस, तो नाही येणार.' बरोबर होतं तिचं.

आता घर. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचा निम्मा उन्हाळा इथेच ठरणार आहे.

मी पहिलं घर घेतलं ते मार्चमध्ये, फोटो बघून. सगळ्यात वरचा मजला, पश्चिमेकडे मोठी बाल्कनी, दूरवर हिराल्दाचा मनोरा दिसायचा. मार्चमध्ये स्वर्ग. जुलैत तोच स्वर्ग म्हणजे रोट्यांचा तवा. सपाट स्लॅब दिवसभर तापायचा, पश्चिमेची भिंत रात्री एक वाजताही हाताला गरम लागायची. एसी फक्त हॉलमध्ये. तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बंद पडला. घरमालक समुद्रावर. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो अगदी प्रेमाने म्हणाला, 'सप्टेंबरात बघू.' मला वाटलं तो चेष्टा करतोय. नव्हता करत. मग तीन आठवडे हॉलच्या फरशीवर ओला पंचा अंगावर घेऊन झोपलो.

त्या तीन आठवड्यांत खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला शिकवलं. सत्तरी ओलांडलेल्या, मला 'मी आर्मा' म्हणायच्या. 'माझ्या जिवा' असा त्याचा अर्थ, सेवियाच्या बोलीत 'आल्मा'चं 'आर्मा' होतं. त्यांच्या घरात एसी होता, पण तो पाहुण्यांसाठी. बाकी सगळी भिस्त पर्सियानावर. पर्सियाना म्हणजे खिडकीबाहेरची पट्ट्यांची गुंडाळणारी झडप. नियम साधा: सकाळी नऊ-साडेनऊला सगळ्या झडपा खाली, खिडक्या बंद, घरात अंधार. रात्री अकरानंतर, बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाली की सगळं सताड उघडं. आपण नेमकं उलटं करतो, दुपारी 'जरा हवा येऊ दे' म्हणून खिडकी उघडतो आणि भट्टी घरात घेतो. आजींच्या फरशीवर संध्याकाळी पाणी शिंपडलेलं असायचं, अगदी आपला सडाच, आणि कोपऱ्यात मातीचा बुकारो. बाकी स्पेन त्याला बोतिखो म्हणतं. कान आणि चोच असलेला माठच तो. माती पाझरते, पाणी उडून जातं, आतलं गार होतं. त्यांनी मला तो फार अपूर्वाईने दाखवला आणि मी म्हणालो, आमच्या घरी दोन आहेत. तेव्हापासून आमची गट्टी.

तर घर बघायला जाल तेव्हा संध्याकाळी सहाला जा, सकाळी नाही. पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून बघा. वरचा मजला नको. झोपायच्या खोलीत एसी आहे का बघा आणि तो चालू करून बघा. सगळ्या पर्सियाना खाली-वर होतात ना तेही. या अर्थाने तुम्ही जुलैत येताय हे बरंच आहे. मार्चमध्ये इथलं प्रत्येक घर खोटं बोलतं.

विजेचंही लक्षात घ्या. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' असतो ना, तसा इथे करार केलेला भार असतो, पण तो नुसता कागदावर नसतो. भाड्याच्या घरांत बरेचदा तो साडेतीन किलोवॅटच्या आत असतो. एसी, वॉशिंग मशीन आणि विजेची शेगडी एकदम लावलीत की मीटर सरळ वीज तोडतो. आमच्याकडे कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला अंधार व्हायचा. शिवाय सरकारी नियंत्रित दराच्या योजनेत आठवड्याच्या दिवशी सकाळी १० ते २ आणि संध्याकाळी ६ ते १० वीज सगळ्यात महाग, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. मी दोन ते सहा घर गार करून घेतो आणि नंतर एसी मंद ठेवतो. हवा कोरडी असल्यामुळे पाण्याचा कूलरही इथे छान चालतो. फक्त वाळ्याच्या ताट्या नसतात, त्यामुळे वास नाही, आणि वासाशिवाय तो कूलर मला अजून अर्धवट वाटतो.

दिवसाचं वेळापत्रक मात्र कंपनी तुमच्यासाठी बदलेल. इथे बऱ्याच कार्यालयांत उन्हाळ्यात 'होर्नादा इन्तेन्सिवा' असते, सकाळी आठ ते दुपारी तीन, मध्ये जेवणाची सुट्टी नाही. साडेतीनला घरी जेवण, मग झोप. सिएस्ताबद्दल आपल्याकडे आळशीपणाचे विनोद करतात, आणि पुणेकरांनी तर ते अजिबात करू नयेत. रात्री नऊनंतर शहर जागं होतं. साडेदहाला जेवण, बारा वाजता बागेत झोपाळ्यावर पोरं. तुमची मुलगी पहिल्या आठवड्यात रात्री साडेअकराला आइस्क्रीम मागेल, द्या तिला. खेड्यांत लोक रात्री खुर्च्या दारात मांडून गप्पा मारत बसतात. कादिस प्रांतातल्या आल्गार नावाच्या गावाने तर २०२१मध्ये या गप्पांना युनेस्कोच्या वारशात घ्या अशी मागणी केली. आमच्या आजोबांच्या ओट्याला मग कोणता दर्जा द्यायचा, असं मनात येऊन गेलं.

जेवणाचा प्रश्न शाकाहारी असाल तरी उन्हाळ्यात सोपा. गास्पाचो म्हणजे टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, लसूण, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर घालून वाटलेलं गार सार. ते इथे पेल्यातून पितात, ताकासारखं. कोर्दोबाचं साल्मोरेखो त्याहून दाट, पाव घालून वाटलेलं. पण त्यावर हॅम आणि उकडलेलं अंडं पेरतात, म्हणून आधीच 'सिन हामोन', म्हणजे हॅमशिवाय, असं सांगा. पन्ह्यासाठी कैरी मे महिन्यात शोधू नका. मालागाच्या पूर्वेला आखार्किया भागात आंबा पिकतो, पण तो सप्टेंबरात. गणपतीच्या सुमारास आंबा खायची सवय व्हायला मला दोन वर्षं लागली.

आणि ऑगस्ट. ऑगस्टमध्ये सेविया नसतंच. लोक मातालास्कान्यास, चिपिओना असे किनारे गाठतात आणि दारांवर 'सुट्टीनिमित्त बंद'चे कागद लागतात. नेहमीचा पाववाला, न्हावी, दातांचा डॉक्टर, सगळे गायब. न्यायालयांना तर हा महिना जवळजवळ सुट्टीचाच. तुम्हाला देशात आल्यापासून एका महिन्याच्या आत रहिवासी कार्डासाठी अर्ज करायचा असतो आणि त्यासाठी आधी वेळ घ्यावी लागते, तिला 'सिता प्रेव्हिया' म्हणतात. आमच्या वेळी ही सीता रामालाही भेटली नसती. विमानाचं तिकीट काढलं की त्याच दिवसापासून तिच्या मागे लागा, आल्यावर बघू म्हणू नका. १५ ऑगस्टला इथेही सुट्टी असते, देवीची, म्हणजे मेरीमातेची, मिरवणूक निघते, आणि तीही सकाळी आठला. देवीलासुद्धा उन्हाची कल्पना आहे.

त्याआधी जुलैच्या शेवटी सेवियातल्याच त्रियाना भागात सांता आनाची जत्रा असते, ती चुकवू नका. होडीला बांधलेल्या, चरबी चोपडलेल्या आडव्या खांबावरून पोरं टोकाच्या झेंड्याकडे पळतात आणि धपाधप ग्वादाल्किविर नदीत पडतात. दहीहंडी आडवी केल्यासारखी.

कोणी 'मालागाला राहा, तिथे समुद्र आहे' म्हणेल. तिथे पारा कमी असतो हे खरं, पण घामाची चिकचिक मुंबईसारखी, आणि जमिनीकडून 'तेर्राल' वारा सुटला की समुद्राकाठीही ४० होतात. शिवाय नोकरी सेवियात असताना त्या सल्ल्याचा उपयोग काय!

तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर: तुम्ही १ जुलैला एकटे या. आठ-दहा आठवडे कार्यालयाजवळ एखादी खोली घ्या, संध्याकाळी सहाला घरं बघत फिरा, कागदपत्रं मार्गी लावा. पत्नी आणि मुलीला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणा. इथल्या शाळा साधारण १० सप्टेंबरला उघडतात, त्याआधी मुलीला सोबत मिळणं कठीण, कारण तिच्या वयाची सगळी पोरं समुद्रावर असतात. अनोळखी देशात, अंधाऱ्या घरात, दिवसभर आई आणि मुलगी दोघीच, हे मी माझ्या घरच्यांना करायला लावलं नाही आणि तुम्हीही लावू नका.

सामानात जाड टॉवेल नको, चार सुती पंचे टाका. आणि जमलं तर दोन जास्तीचे, माझे आता विरलेत.