महिनोन्‌महिने रीडिंग न घेता विजेचं सरासरी बिल, मग एकदम फुगलेलं बिल. कॉल सेंटर दाद देत नाही. काय करावं?
आधी बिलातलं रीडिंग मीटरशी ताडा. केडब्ल्यूएच (kWh, म्हणजे युनिट) लिहिलेलाच आकडा घ्या. स्क्रीन फिरती असते, भलताच आकडा टिपला जातो. रीडिंग बरोबर निघालं तर साचलेली युनिटं सरासरी बिलाच्या सगळ्या महिन्यांत विभागून स्लॅबचा (वापरानुसार चढत जाणाऱ्या दराच्या टप्प्यांचा) फायदा मागा. सगळी एकाच महिन्यात धरली की वरच्या स्लॅबचा महाग दर लागतो.

फोन करणं पुरे झालं. वीज कंपनीच्या उपविभाग कार्यालयात मीटरच्या फोटोसह लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ‘आधी भरा, मग बघू’ हे उत्तर ठरलेलंच! वीज कायदा २००३, कलम ५६ दाखवा: मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनुसार होणारी रक्कम, यांतली कमी असेल ती निषेध नोंदवून भरली की वीज तोडता येत नाही. पुढची पायरी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल.