मेलाटोनिन आणि भुकेवर काम सुरू करताना

मेलाटोनिन, म्हणजे रात्री शरीरात वाढणारं संप्रेरक, आणि भूक यांच्यावर प्रयोग करणार असशील, तर आधी प्राण्याची जात नीट निवड. सी५७बीएल/६ या प्रयोगशाळेतल्या जातीचे उंदीर सगळीकडे सहज मिळतात, पण त्यांच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथीत मेलाटोनिन जवळजवळ बनतच नाही. सी३एच जातीच्या उंदरांत बनतं, मात्र त्यांच्या डोळ्यातलं दृष्टिपटल लहान वयातच खराब होतं. प्रकाशाचा प्रयोग असेल तर हे लक्षात ठेवायलाच हवं.

शिवाय उंदीर रात्री खातो, आपण रात्री झोपतो, आणि मेलाटोनिन मात्र दोघांतही रात्रीच वाढतं. म्हणून उंदरावरचा निष्कर्ष उचलून माणसाला लावू नकोस.

माणसांवर काम करणार असशील तर मेलाटोनिन मोजायला लाळेचे नमुने मंद प्रकाशातच घे (उजेडाने ते दबतं), झोपायच्या वेळेच्या काही तास आधीपासून, दर अर्ध्या तासाने. नुसती खोली मंद ठेवून उपयोग नाही, बाथरूमचा दिवाही बदल आणि मोबाइल काढून घे. नमुन्याच्या अगदी आधी खाणं नको, आणि माणूस बसलेलाच राहू दे. उभं राहण्याने किंवा आडवं होण्यानेही आकडे हलतात.

शरीराच्या घड्याळाचा अभ्यास करणारे फ्रँक शीर आणि सहकाऱ्यांचा भुकेवरचा 2013 चा शोधनिबंध सावकाश वाच. झोप आणि जेवणाचा परिणाम वेगळा काढल्यावर भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त दिसली. किती सुंदर मांडणी आहे ती! घ्रेलिन-लेप्टिन ही भूक वाढवणारी-कमी करणारी संप्रेरकं नंतर बघ. आधी प्रत्येक नमुन्यावर घड्याळाच्या वेळेसोबत त्या व्यक्तीचं मेलाटोनिन वाढू लागल्यापासून किती तास झाले, तेही लिहायची सवय लाव.