सोशल मीडियामुळे बेळगाव सीमाभागातला संवाद कसा बदलतोय?

सर्वांत मोठा बदल बोलीत दिसतो. बेळगावातून 'तरुण भारत' १९१९ पासून निघतो, पण छापील मराठी प्रमाणच. आमची कानडी हेल असलेली मराठी घरात नि बाजारातच राहायची. आता खानापूर-निपाणीची पोरं त्याच बोलीत रील करतात, पुण्याचे नातेवाईक ती आवडीने बघतात. मला याचा फार आनंद आहे.

बातमीचं मात्र जपून. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ग्रुपवर पाण्याचे व्हिडिओ धडाधड येत होते; कुठले, कधीचे, पत्ता नाही. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली, तरी अफवा पळतातच. मी आधी नदीकाठच्या मामांना फोन लावतो, मगच पुढे पाठवतो.