लॉनवरच्या नोकरीला हो म्हणण्याआधी

चिरंजीव बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी लग्नाच्या लॉनवर सिक्युरिटीला उभं राहायचं, पैसे रोख, असं तुझं चाललंय म्हणे. खोलीचं भाडं, बहिणीची फी, सगळं ठाऊक आहे मला. पोलीस शिपायाच्या पगारात सुरुवातीला ओढाताण होतेच. तरी अजून शब्द दिला नसशील तर देऊ नकोस.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला सोळावा नियम काढून वाच. शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय दुसरी नोकरी नाही की धंदा नाही. पूर्वमंजुरी म्हणजे आधी. काम धरून मग अर्ज टाकला तर तो अंगाशीच येतो. उद्या बायकोने विमा एजन्सी घेतली आणि तू तिच्यासाठी गिऱ्हाईकं गाठलीस, तर तोही भंगच. बिनपैशाचं समाजकार्य, अधूनमधून लिखाण एवढं चालतं, तेही ड्युटी सांभाळून.

आपल्याला वर आणखी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम २८ आहे. रजेवर किंवा निलंबित नसलेला पोलीस सदैव कर्तव्यावरच मानला जातो. याचा अर्थ मला एका खात्याच्या चौकशीत कळला. माझ्या बॅचचा एक जण असाच लॉनवर उभा राहायचा. हळदीत डीजेवरून जुंपली, याने एकाला ओढून बाहेर काढलं, तो पायरीवरून पडला, हात मोडला. चौकशीत मी बचाव सहायक म्हणून, म्हणजे त्याची बाजू मांडायला, शेजारी बसलो होतो. चौकशी करणाऱ्या साहेबांनी विचारलं, "तिथे पोलीस म्हणून होतात की मालकाचा माणूस म्हणून?" पोलीस म्हणावं तर स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, नोंद नाही. मालकाचा माणूस म्हणावं तर नियमभंग कबूल. टेबलावरच्या टोपीकडे बघत बसला बिचारा. वेतनवाढ गेली, आणि ज्याचं लॉन राखलं तो मालक साक्षीलाही आला नाही.

अमेरिकेत बऱ्याच शहरांत पोलीस खात्याच्या परवानगीने असं काम करतात, तेही गणवेशात. आपल्याकडे तसं नाही. खाजगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्यात खाजगी सुरक्षेची व्याख्याच लोकसेवक, म्हणजे आपल्यासारखे सरकारी नोकर, सोडून इतरांनी दिलेली सुरक्षा अशी आहे. लॉनवाल्याला पोलीसच हवे असतील तर त्याने रीतसर अर्ज करून शुल्क भरावं. सशुल्क बंदोबस्ताचा पैसा सरकारजमा होतो आणि तिथे तू हुकमाने उभा असतोस.

पतसंस्थेच्या कर्जाचं विचारलंस का? क्वार्टरचा अर्ज बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टेबलावर, दे, आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. रविवारी जेवायलाच ये, फीचं काय करायचं ते बसून बघू.

तुझा
काका