गावाकडच्या टॉवरला एफडीडी की टीडीडी?

प्रश्न : मी नांदेडला ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पस मुलाखतीत एफडीडी (फ्रिक्वेन्सी डिव्हिजन डुप्लेक्स) आणि टीडीडी (टाइम डिव्हिजन डुप्लेक्स) या मोबाइल-टॉवर संपर्काच्या दोन पद्धतींतला फरक विचारला, तो सांगितला. मग विचारलं, ‘विरळ वस्तीच्या तालुक्यात यांपैकी काय लावाल?’ तिथे गप्प झालो. घरचे म्हणतात, वायरलेस सोड, कोडिंगचा क्लास लाव. काय करू?
– एक विद्यार्थी, अंबाजोगाई

उत्तर : एका प्रश्नाला अडलास म्हणून विषयच सोडायचा, हे मला पटत नाही. तुझ्या व्याख्या पाठ होत्या, त्यामागची कारणं नव्हती.

एफडीडीत येण्याजाण्याच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या. १८०० मेगाहर्ट्‌झच्या बँडमध्ये (फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यात) मोबाइल १७१० ते १७८५ मेगाहर्ट्‌झवर पाठवतो, टॉवर १८०५ ते १८८० वर. दोन्ही कामं एकाच वेळी चालतात. टीडीडीत फ्रिक्वेन्सी एकच, वेळ वाटून घ्यायची. लोक अपलोडपेक्षा डाउनलोड जास्त करतात, म्हणून डाउनलिंकला, म्हणजे टॉवरकडून मोबाइलकडे येणाऱ्या बाजूला, जास्त स्लॉट (वेळेचे तुकडे) देता येतात. फाइव्ह-जीचा ३३०० बँड टीडीडीच आहे.

आता तुझा तालुका. टीडीडीत दिशा बदलताना मध्ये थोडा वेळ मोकळा सोडावा लागतो, तो गार्ड पीरियड. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. १५ किलोमीटरवरच्या तांड्यापर्यंत जाऊन यायला १०० मायक्रोसेकंद लागले. सेल (एका टॉवरचा टापू) मोठा, तसा हा वाया जाणारा वेळही मोठा. त्यात मोबाइलची ताकद आधीच कमी, आणि पाठवायची पाळीही थांबून थांबून. म्हणून लांबच्या वस्त्यांना ७०० किंवा ९०० चा एफडीडी, दाट शहरात २३०० किंवा ३३०० चा टीडीडी. एवढं सांगून, टीडीडीत शेजारच्या टॉवरची घड्याळं जुळलेली नसतील तर एकाचं प्रसारण दुसऱ्याच्या कानात शिरतं, हे जोडलं असतंस, तर समोरचा खूश झाला असता!

बँड दाखवणारं ॲप फोनवर घे आणि अंबाजोगाई ते लातूर एसटीत बसून नोंदी कर. बँड ३, ५, ८ एफडीडीचे. ४० आणि एन७८ (फाइव्ह-जीचा तो ३३०० वाला) टीडीडीचे. रेणापूरच्या अलीकडे-पलीकडे काय बदलतं ते बघ. कोडिंगचा क्लासही लाव की! पायथन शीक आणि याच नोंदींचा नकाशा काढ. घरचेही खूश, आणि बायोडेटात स्वतःचं काही दाखवायला होईल.

एक मात्र सांगतो. या क्षेत्रात ड्राइव्ह टेस्टची (गाडीतून फिरत नेटवर्क मोजण्याची) पहिली नोकरी बऱ्याचदा कंत्राटदाराकडे मिळते, फिरती फार असते. प्रवासभत्ता आणि पीएफ ऑफर लेटरमध्ये लिहून दिलाय का, ते बघितल्याशिवाय सही करू नकोस.