शास्त्रीय संगीत कळत नाही, तरी सवाईला जाऊन उपयोग आहे का?

तुमचा प्रश्न असा, की पुण्यात शिकायला आलोय, मित्र सवाईला (सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला) नेतात, पण मोठा ख्याल (संथ लयीतलं लांब गाणं) सुरू झाला की जांभया येतात. मग गाणं शिकायलाच हवं का?

गाण्याचा क्लास लावायची गरज नाही. ताल मात्र धरता यायला हवा. ‘कळायची काय गरज, डोळे मिटून नुसता आनंद घ्या’ असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंच असणार. तो शुद्ध आळशी सल्ला आहे. तो देणारे विलंबित (संथ लय) सुरू झालं की खाण्याच्या स्टॉलवर असतात आणि द्रुतला (जलद लयीला) टाळ्या वाजवायला परत येतात.

जांभईचं कारण साधं आहे. विलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, पाऊण ते एक मिनिट चालतं. एवढा वेळ आपण तालात कुठे आहोत याचा पत्ता नसेल, तर आलापी कितीही सुंदर असो, लक्ष उडणारच. म्हणून आधी ठेका, म्हणजे तबल्याचे ठरलेले बोल, पाठ करा:

धिं धिं धागे तिरकिट तू ना क त्ता धागे तिरकिट धी ना

मात्रा (तालाचे ठोके) 12. पण सगळ्या मोजत बसू नका. त्या लयीत एकेका मात्रेचे चार-चार भाग पडतात, तबलजी मध्ये भरीचे बोल घालतो आणि नवखा माणूस हमखास चुकतो. कान फक्त डग्ग्याकडे (तबल्याच्या जोडीतल्या घुमणाऱ्या, खर्जाच्या वाद्याकडे) ठेवा. ‘तिरकिट’ दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. पहिल्या तिरकिटनंतर तू-ना-क-त्ता या चार मात्रा डग्ग्याचा घुमारा नसतो, नुसता कोरडा तबला ऐकू येतो. मग ‘धागे’ला घुमारा परततो, दुसरं तिरकिट येतं, पुढे दोनच मात्रा आणि सम, म्हणजे पुन्हा पहिली मात्रा. साधारण इथेच गायक बंदिशीचा मुखडा (सुरुवातीचे शब्द) उचलतो. घुमारा परतला तरी गायक आलापातच रमलेला दिसला, की आता हा समेवर कसा येणार ही उत्सुकता आपोआप लागते. ‘वाह’ नेमकी कशाला येते ते तिथे कळतं.

सराव घरी करा. एकच रेकॉर्डिंग, तेच पुन्हा पुन्हा, आणि इअरफोन लावून. मोबाईलच्या स्पीकरमधून डग्ग्याचा खर्ज जवळजवळ येतच नाही. म्हणजे ज्याच्या भरवशावर राहायचं तेच गायब. द्रुत तीनतालालाही हीच युक्ती चालते: 16 मात्रांपैकी दहावी ते तेरावी घुमाऱ्याविना, चौदाव्या ‘धिं’ला तो परत.

राग ओळखायची घाई करू नका. भीमसेन जोशींनी 1953 मध्ये सुरू केलेला हा महोत्सव पूर्वी रात्र-रात्र चालायचा. ध्वनिक्षेपकाला रात्री 10 ची मर्यादा आल्यापासून तो दुपारीच सुरू होतो, त्यामुळे दुपारचे राग कानावर पडायची शक्यता जास्त. भीमपलासी आणि पटदीप एवढे दोन ऐकून जा. दोन्हींत गंधार (ग) कोमल, म्हणजे थोडा उतरलेला. भीमपलासीत निषादही (नी) कोमल, पटदीपात तो शुद्ध. एवढा एक फरक कानाला लागला तरी पहिल्या वर्षाला पुष्कळ झालं.

बसायचं तबलजीचे हात दिसतील अशा जागी, स्पीकरच्या तोंडाशी नाही. सगळे दिवस जाऊ नका, दुसऱ्या दिवसापासून कान बधिर होतात. एक दिवस निवडा आणि त्यातला एक ख्याल पहिल्या स्वरापासून शेवटपर्यंत न उठता ऐका. आणि शाल न्या. डिसेंबरात मांडवात सूर्य मावळला की गार पडतं.

‘मोजलं की रस जातो’ म्हणणाऱ्यांना एकच विचारतो: पहिल्या रांगेतले जाणकार मांडीवर बोटं कशाला आपटत असतात?

हां, एक राहिलं. वरचा हिशेब एकतालाचा आहे. मोठा ख्याल झुमऱ्यात (14 मात्रा) किंवा तिलवाड्यात (16) असला तर तो लागू नाही. जयपूर घराण्याचे गायक बऱ्याचदा मध्यलयीच्या अंगाने जाणाऱ्या तीनतालात मोठा ख्याल गातात, तो धरायला सोपा. पहिल्यांदा जाताना शक्य तर तोच गाठा.